बाराला चुना का लागतो

"वैनी, कळलं का न्हाई? मागल्या गल्लीतल्या नव्या सुनंनं पातेलं खल्लं म्हणं."

आक्कांची बातमी अशीच येते. कुणी काय खाल्लं आणि कसं, हे ऐकणाऱ्यानं मागनं आपापलं लावून घ्यायचं. मी कपडे वाळत घालायचे सोडून भिंतीपाशी गेले. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे, दोन्हीकडून कोपर टेकवायची सोय आहे, आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीत पेपर येण्याआधी बातमी तिथं येते.

"पातेलं खाल्लं म्हणजे काय हो आक्का?"

"अवो, मोरी तुंबली हुती. हिनं दुकानातनं ते पांढरं कॉस्टिक आणलं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घेतलं आणि त्यात ते टाकलं. झालं! फस्सकन वर आलं, नुसता वाफारा, आणि बुडाची चाळण. सासू सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, पोरीचा पायगुणच वाईट म्हणून."

"पायगुण न्हवं आज्जी, सोडियम हायड्रॉक्साईड," आतून आवाज आला.

ही आक्कांची नात. देवचंद कॉलेजात बी.एस्सी. करते. घर कर्नाटकात, कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल. ही पोरगी रोज सकाळी तो ओलांडून जाते आणि दुपारी जेवायला परत येते. डोक्याला तेल लावून, केसांत कंगवा तसाच खोचून ती बाहेर आली आणि पायरीवर बसली.

"शेगडी पेटलेली नव्हती हे त्या वैनीचं नशीब," ती म्हणाली. "ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि त्यातनं हायड्रोजन निघतो. पेट घेणारा वायू. आणि कॉस्टिक कढत पाण्यात टाकायचंच न्हाई. ते पाण्यात पडलं की आपणच तापतंय, मग तोंडावर उडतंय. डोळे गेले असते."

"मग सोड्याचं तसं का हुईत न्हाई?" आक्कांचा प्रश्न रास्त होता. "इडलीचं भांडं आमी धुण्याच्या सोड्यानं घासतो. काळं पडतंय खरं, भोक पडलेलं कवा बघितलं न्हाई."

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगावं लागतं.)

"दोन्ही आम्लारीच. कॉस्टिक तीव्र, सोडा सौम्य."

"म्हंजे एक जास्त घातलं, एक कमी घातलं?"

आता हे एकट्या आक्कांना वाटतं असं नाही. मलाही शाळा सुटल्यापासून तसंच वाटत आलं होतं आणि बहुतेकांना वाटतं. तीव्र म्हणजे घट्ट, सौम्य म्हणजे पातळ. नातीनं कंगवा काढून हातात घेतला आणि मास्तरीण झाली.

"न्हाई. चिमूटभर कॉस्टिक बादलीभर पाण्यात टाकलं तरी ते तीव्रच. फक्त पातळ झालं. आणि बाटलीतला नाक जाळणारा अमोनिया कितीबी घट्ट असला तरी तो सौम्यच. किती घातलं हा प्रश्न वेगळा आणि घातलेलं पाण्यात जाऊन काय करतंय हा वेगळा. कॉस्टिकचे शंभर कण पाण्यात टाकले तर शंभरच्या शंभर फुटतात. सोडियम एकीकडं, हायड्रॉक्साईड एकीकडं. सगळा जोर त्या मोकळ्या हायड्रॉक्साईडचा. अमोनियाला तसं जमत न्हाई. तो पाण्याकडनं एक हायड्रोजन घेतो, तेव्हा एक हायड्रॉक्साईड मोकळा होतो. खरं शंभरातला एखादाच हे करतो. बाकीचे नव्व्याण्णव नुसते बसून."

आक्का विचारात पडल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे एखादं जुनं लग्न आठवलं की येतं.

"म्हंजे वरच्या आळीतल्या त्या दोघी भैनी. थोरली लगीन करून गेली ती गेली. दिवाळीला बी यायची न्हाई. सासरची म्हणजे सासरची. आणि धाकटी! लगीन हुऊन बी शंभर दिसांतलं नव्व्याण्णव दिस आईकडंच."

"करेक्ट आज्जी. फक्त एकच. अमोनियात नेहमी तोच एक कण बाहेर असतो असं न्हाई. आळीपाळीनं जातात, परत येतात, दुसरा जातो. कधीबी मोजा, बाहेर एखादाच सापडतो. आणि तो बाहेरचा कुणी ओढून नेला, म्हणजे आम्लानं खाऊन टाकला, की आतनं दुसरा निघतो. तो बी नेला की तिसरा. असं करत शंभरच्या शंभर बाहेर पडतात."

हे ऐकून मी कोपर बदललं. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी मजेची गोष्ट हीच आहे आणि पुस्तकात ती व्याख्येच्या खाली दबून जाते. नातीनं प्रयोगशाळेतलं सांगितलं: सारख्या मापाचं कॉस्टिक आणि सारख्या मापाचा अमोनिया घेतला, दोन्ही सारखेच घट्ट, आणि ब्युरेटमधून आम्ल सोडत गेलं, तर दोघांनाही आम्ल तेवढंच लागतं. थेंबाचाही फरक नाही. सौम्याची कुवत कमी नसते. पीएच मोजला तर मात्र कॉस्टिक 13 दाखवतं आणि अमोनिया 11, आणि पीएचची एक पायरी म्हणजे दहापट, म्हणून दोन पायऱ्या म्हणजे जवळजवळ शंभरपट. तिच्या एका मैत्रिणीनं परीक्षेत अमोनियासाठी फिनॉल्फ्थॅलिन हे दर्शक वापरलं. गुलाबी रंग मधेच फिकुटला आणि उत्तर चुकलं. तिथं मिथिल ऑरेंज लागतं.

"म्हंजे धाकटी बी कामाला थोरलीएवढीच," आक्का म्हणाल्या. "खरं तिला बोलवाय लागतंय."

यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

त्या सुनेचं पातेलं फुकट गेलं, पण तोच उद्योग बेळगावात यमनापूरला मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथली ॲल्युमिनियमची कंपनी 2000 साली हिंदाल्कोकडे गेली तरी जुनी माणसं अजून 'इंडाल'च म्हणतात. आक्कांचा भाचा तिथं होता, म्हणून त्यांना 'तांबडा चिखल' हा शब्द पाठ. राधानगरीतल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरचं बॉक्साइट या भागानं ट्रकांत भरून जाताना पाहिलेलं आहे. रस्त्याकडेची झाडं तांबडी व्हायची. बॉक्साइटात ॲल्युमिनियम असतं आणि लोखंडही असतं. दोन्ही मातीत एकमेकांत गुरफटलेली. वेगळी कशी करायची? ते दळून गरम कॉस्टिकमध्ये दाबाखाली शिजवायचं. ॲल्युमिनियम विरघळतं, लोखंड विरघळत नाही. गाळलं की मागं राहतो तो तांबडा चिखल. वरचं निवळ द्रावण थंड करून त्यात थोडे तयार स्फटिक टाकायचे, की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड पांढरं होऊन खाली बसतं. ते भाजलं की ॲल्युमिना. कॉस्टिक परत कामाला. 1888 च्या सुमारास बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञानं ही रीत काढली. तेव्हा त्याच्या डोक्यात भांडी नव्हती, विमानं तर नव्हतीच. सुती कापडावर रंग पक्का बसवायला ॲल्युमिना हवा होता.

"आणि कॉस्टिकच्या जागी अमोनिया घातला तर?" मी विचारलं.

"न्हाई जमत. आमच्या प्रॅक्टिकलला हेच असतंय. ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया टाकला की पांढरा, जेलीसारखा साका पडतो. अजून टाका, अजून टाका, तसाच राहतो. कॉस्टिक टाकलं तर आधी तसाच साका पडतो आणि जास्त घातलं की बघता बघता गायब. साका दोघं पाडतात, विरघळवतं फक्त कॉस्टिक. त्याला मोकळं हायड्रॉक्साईड भरपूर लागतंय, आणि अमोनियाकडं एका वेळी तेवढं बाहेर नसतंय."

एवढ्यात फटा-फट असा ओळखीचा आवाज आला. आक्कांचे दीर, तात्या. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं मळणं, मग चार बोटांनी फटका, भुकटी उडवून देणं. अकोळच्या बाजूला त्यांचं रान आहे. आधी तंबाखू लावायचे, आता ऊस. चंची मात्र तीच.

"कसला सोडा म्हणालीस गं? आमाला बी कळू दे."

"तुमच्या हातात हाय की तात्या," नात म्हणाली. "चुना. तो बी तीव्र आम्लारी."

"काय सांगतीस! एवढा तीव्र तर जिभंवर कसा ठेवतोय आमी? कॉस्टिक ठेवून बघू काय?"

नातीला हा प्रश्न यावा असंच वाटत असावं. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड. जेवढा पाण्यात उतरतो तेवढा सगळाच्या सगळा फुटतो, म्हणून तीव्र. पण उतरतो फार थोडा. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. कॉस्टिक तेवढ्याच पाण्यात किलोभर मावतं. चुन्याची निवळी पीएच 12.4 च्या आसपास जाऊन थांबते, मग खाली कितीही चुना बसलेला असू दे. पोटात जळजळ झाली की आपण जे पांढरं मॅग्नेशियाचं औषध पितो त्याचंही असंच, ते तर चुन्याहूनही कमी विरघळतं, म्हणून पिता येतं. थोडं चाटून तात्या वाचतात ते चुन्याच्या दयेनं नव्हे, त्याच्या न विरघळण्यानं.

तात्यांना लगेच गुऱ्हाळ आठवलं. रस कढईत आला की चुन्याची निवळी घालतात, सोबत रानभेंडीचा चिकट रस, आणि मळी वर येते ती झाऱ्यानं काढतात. "निवळी बेतानं घालाय लागती. जास्त झाली की गूळ काळा. आमचा गुळव्या जिभंवर रस ठेवून सांगायचा." उसाचा रस मुळात आंबट, पीएच पाच-साडेपाच, आंबटपणा राहिला तर साखर फुटते आणि ढेप धरत नाही. चुना तो आंबटपणा मारतो आणि त्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला धरून घाण गोळा करतं. कॉस्टिकनं आंबटपणा गेला असता, घाण राहिली असती. साखर कारखान्यातही चुन्याचं दूधच घालतात.

"मग माझ्या तंबाखूच्या बारात चुना कुठली घाण काढतोय?" तात्या हसत म्हणाले. दात बघून मी दुसरीकडं पाहिलं.

"थांबा, तुमाला दाखवतो," नात म्हणाली (आमच्याकडं पोरीही 'दाखवतो'च म्हणतात) आणि आत जाऊन हळदीचा डबा घेऊन आली. तात्यांनी बार ओठाखाली ठेवलेला होता, तळहात अजून चुन्याचा होता. तिनं त्यावर चिमूटभर ओली हळद चोळली. तळहात लालभडक.

"अगं बया, कुंकू!" आक्का.

कुंकू असंच करतात, हळदीला आम्लारीचा हात लावून. हळद आम्लारी ओळखते. धुण्याच्या सोड्यानंही लाल होते, पिवळ्या डागावर साबण लागला की साडीवर होते तशी. पण तीव्र कोण आणि सौम्य कोण हे हळद सांगत नाही. दोघांना एकच रंग देते.

"कुंकवाचं ऱ्हाऊ दे," आक्का मधेच म्हणाल्या. "चुन्यावरनं आठवलं. कुणाला घेरी आली की आमची आज्जी नवसागर आणि चुना मळून नाकाशी धरायची. असला झटका बसायचा की मेलेलं उठंल. नवसागर नुसता हुंगला तर काय न्हाई, चुना नुसता हुंगला तर काय न्हाई. दोन्ही मळलं की डोळ्यातनं पाणी."

नवसागर म्हणजे कल्हईवाला भांडं तापवून त्यावर टाकतो तो, अमोनियम क्लोराईड. नात जवळजवळ उडालीच. "आज्जी, तेच! तात्यांच्या हातावर तेच चाललंय!"

आणि मग जे तिनं सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत देते, कारण ती फार भरभर बोलते.

नवसागरात अमोनिया असतो, पण मिठात अडकलेला. त्यानं एक जादा हायड्रोजन धरलेला असतो, अंगावर विद्युतभार असतो, उडून जायची सोय नसते, म्हणून वास नाही. चुन्याचं हायड्रॉक्साईड येतं आणि तो हायड्रोजन काढून घेतं. अमोनिया मोकळा होतो, वायूच तो, सरळ नाकात. तीव्र आम्लारी सौम्य आम्लारीला तिच्या मिठातून बाहेर काढते. शेतकऱ्यांना हे दुसऱ्या बाजूनं माहीत आहे: अमोनियम सल्फेटात चुना मिसळू नये, खत हवेत जातं.

तंबाखूच्या पानात निकोटीन असतं. 1828 साली हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी ते पहिल्यांदा शुद्ध काढलं. तेही नायट्रोजनवालं, तेही सौम्य आम्लारी, अमोनियाहूनही सौम्य. पानात ते मोकळं नसतं. मॅलिक आणि सायट्रिक या आम्लांशी बांधलेलं, मीठ होऊन बसलेलं. अशा भारलेल्या निकोटीनला गालाच्या आतली त्वचा सहज आत घेत नाही. ती त्वचा स्निग्ध पदार्थांची, तिला भार नसलेलं चालतं. हिशेब असा: तोंडात पीएच 7 असला तर दहा-अकरा कणांतला एक मोकळा. 8 झाला की निम्मे. 9 ला शंभरातले नव्वद. 10 ला नव्व्याण्णव. तात्या अंगठ्यानं जे मळत असतात ते हे. तळहाताची ऊब, थोडा घाम, चुना, आणि बांधलेलं निकोटीन सुटून तेलकट, भाररहित होतं. ओठाखाली ठेवल्यावर ते थेट रक्तात.

"म्हंजे झटका निकोटीनचा, चुना नुसता मधला दलाल," तात्या म्हणाले. शेतकरी माणूस, दलाल पटकन ओळखतो.

"पण मग वाईट कोण? चुनाच की. तीव्र तोच," मी म्हटलं.

"काकू, माव्यावर तात्या काय फवारायचे विचारा."

तात्यांनीच सांगितलं. तंबाखूचे देठ-भुकटी रात्रभर भिजवून उकळायची, गाळायची, त्यात साबण घालायचा, मग मिरचीवर मारायचं. मावा मरून पडतो. साबण न घालता मारलं तर तेवढं लागू पडत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक. साबणानं पाणी पानाला चिकटतं असं त्यांना वाटायचं. चिकटतंच. पण साबणाचं पाणीही अल्कधर्मी, तिथंही निकोटीन सुटतं. बाजारात पूर्वी निकोटीन सल्फेटचं कीटकनाशक मिळायचं, त्यालाही वापरताना साबणाचं पाणी लागायचं.

"नुसत्या साबणानं असं रान साफ हुईल काय?" नात म्हणाली. "मारतंय ते निकोटीन. सगळ्यांत सौम्य तेच आणि सगळ्यांत विषारी बी तेच. आम्लारी सौम्य हाय म्हणजे फक्त एवढंच, की ती पाण्याकडनं हायड्रोजन घ्यायला कमी धावती. माणसाच्या नसांना ती काय करती ते त्या आकड्यात कुठंच न्हाई."

आक्का गप्प झाल्या होत्या. त्या गप्प होतात तेव्हा वखार आठवलेली असते.

"आमी वखारीत जात हुतो," त्या म्हणाल्या. "तंबाखू बडवायची, चाळायची. भुकटी अशी की समोरची बाई दिसायची न्हाई. पदर नाकाला बांधायचा, तरी घशात. उन्हाळ्यात घाम, त्यावर भुकटी चिकटायची. नवीन पोरगी आली की पहिल्या दिवशी ओकायची, गरगरायची. मुकादम म्हणायचा सवय हुईल. व्हायची बी. आमी कवा बार खाल्ला न्हाई, मशेरी लावली न्हाई, खरं सुट्टीच्या दिशी डोकं दुखायचं."

सुट्टीच्या दिवशी डोकं दुखायचं. हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि पुढं गेल्या. मी मात्र तिथंच थांबले. बार न खाताही निकोटीन अंगात जात होतं. ओल्या पानावरचं निकोटीन कातडीतून आत जातं आणि तोडणाऱ्याला मळमळ, उलटी, चक्कर होते, यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू मजुरांत अभ्यास केलेला आहे. निपाणीच्या बायकांनी अभ्यासाची वाट पाहिली नाही. देवचंदचेच प्राध्यापक सुभाष जोशी यांच्यासोबत त्यांनी युनियन बांधली, मजुरीवर बोलल्या, मुकादमावर बोलल्या. आणि 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं तंबाखूवाले शेतकरी हायवेवर बसले ते भावासाठी. तेव्हा तात्याही तिथं होते, आणि गोळीबार झाल्याचं सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो. भाव, मजुरी, बिडी, वखार, सगळं गाव ज्या एका आम्लारीवर उभं राहिलं तिचं नाव आमच्या शाळेच्या धड्यात आम्लारींच्या यादीत नव्हतं. तिथं अमोनिया होता. अमोनिया बिचारा निपाणीचं काय करणार.

"ते सगळं खरं," तात्या सावरून म्हणाले. "पर चुन्यात कॅल्शियम असतंय. हाडाला बरं."

"हाडाला पायजे तर नाचणी खावा," आक्का फाडकन म्हणाल्या. "हाडासाठी चुना खाणारा मानूस मी आजवर बघितला न्हाई. सगळी तंबाखूसाठीच खात्यात आणि नाव हाडाचं."

"तो चुना बी काय भोळा न्हाई तात्या," नात म्हणाली. "रोज एकाच जागी ठेवतासा ती जागा पांढरी पडली का बघा. कातडी भाजती, मग निकोटीन अजून लवकर आत. आणि त्या किराणावाल्यांच्या नातवाचं विसरलासा?"

ते प्रकरण सगळ्या गल्लीला माहीत. पोरानं आजोबांची चुन्याची ट्यूब पिचकारी समजून दाबली, ट्यूबचं तोंड फुटलं आणि चुना डोळ्यात. तिथं जमलेल्यांतला एक शहाणा म्हणाला, चुन्यावर उतारा लिंबू, दोन थेंब पिळा. शाळेत शिकलेलं अर्धं आठवलं की असं होतं. या पोरीनं त्याचा हात धरला, पोराला नळाखाली आडवं केलं आणि पापणी उलटी करून अर्धा तास पाणी सोडत बसली. कोपऱ्यात अडकलेला कण ओल्या कापडानं काढला आणि मग दवाखान्यात पाठवलं. नजर वाचली. आम्लानं वरचं प्रथिन गोठतं आणि ते पुढं जायला थोडं अडतं. तीव्र आम्लारी पेशींतल्या चरबीचा साबण करत आत आत जाते. म्हणून आधी पाणी, भरपूर पाणी, आणि तेही ताबडतोब. कण राहिला तर तो विरघळत राहतो आणि पुन्हा पुन्हा नवा हायड्रॉक्साईड सोडत राहतो. कमी विरघळतो म्हणून जिभेवर चालतो तो चुना, आणि कमी विरघळतो म्हणूनच डोळ्यात घर करतो.

तात्यांनी खिशातली डबी बाहेर काढून तिचं झाकण घट्ट आहे का ते पाहिलं.

"बरं बाई, मी चुना सोडतो," ते म्हणाले. "नुसता बार धरतो. मग तर झालं?"

"थोडं निकोटीन मोकळं असतंयच. ते रक्तात गेलं की मागचं सुटतं, ते गेलं की अजून मागचं. आज्जीची धाकटी. सावकाश जाईल, झटका बसायचा न्हाई, म्हणून तुमी दोन बार जास्त लावशीला. आणि कॅन्सर करणारी नायट्रोसमाइनं तंबाखूत आधीच तयार असत्यात, पान वाळताना, मुरताना. त्यांना चुन्याचं काय पडलंय?"

"म्हंजे सोडायचं तर दोन्ही."

"दोन्ही."

तात्या जरा वेळ गप्प बसले. मग शेवटची तडजोड मांडून बघावी तसं म्हणाले, "आणि नुसता चुना ठेवला, तंबाखू सोडून?"

"नुसता चुना मागल्या खोलीला लावा," आक्का म्हणाल्या. "दसऱ्याच्या आधी लावतो म्हणून दोन वर्सं सांगालायसा."